डाव्या हाताचं विमान

९ फेब्रुवारी, रविवार

आज जेवताना टिल्लू म्हणाला, "ताई, तुझं काम कव्हरिंगचं. उडवणं तुझं काम नाही." आणि शांतपणे पाणी प्यायला.

टिल्लू म्हणजे माझा धाकटा भाऊ. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागते, केस सगळे पांढरे झाले, तरी माझ्यासाठी तो टिल्लूच. खालच्या मजल्यावर तो आणि भावजय, वर मी. टेकडीवर ग्लायडर उडवणाऱ्यांचा एक क्लब आहे, त्याचा तो अध्यक्ष. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. कड्यावरून हाताने भिरकावायचं, दरीतून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगत ठेवायचं आणि रिमोटने वळवायचं. त्या विमानांच्या पंखांवर इस्त्रीने जो झिरझिरीत कागद बसवतात तो मी बसवते, तेच कव्हरिंग. क्लबातल्या निम्म्या पंखांवर माझा हात फिरला आहे. मुलींना शिवण शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे सुरकुती माझ्यासमोर टिकत नाही.

दर रविवारी मी टिल्लूबरोबर टेकडीवर जाते. तो उडवतो, मी शेजारी उभी राहून बोलत असते. "आलं बघ, आता वळलं, आता डावा पंख खाली." पूर्वी तो म्हणायचा, "गप्प बस ना गं, लक्ष लागत नाही." हल्ली म्हणत नाही. उलट मी गप्प झाले की म्हणतो, "का गं, थांबलीस का?" वयाने माणसं निवळतात म्हणायची.

तर आज मी सहज म्हणाले, मलाही उडवायचं आहे.

"तुला डावं-उजवं तरी कळतं का?" तो म्हणाला.

"अहो!" भावजय म्हणाली.

"खोटं सांगतोय का? टॅक्सीवाल्याला तोंडाने उजवीकडे सांगते आणि हात डावीकडे करते. त्या बिचाऱ्याने जायचं कुठे?"

सगळे हसले. मीही हसले. वर येऊन पाय धुतले, अंथरूण घातलं आणि मग स्वतःचाच राग आला. मी का हसले?

११ फेब्रुवारी

स्टेशनरीच्या दुकानातून फोमबोर्ड आणला. दोन जाड कागदांच्या मधे पांढऱ्या फोमचा थर. शाळेतली मुलं त्याची घरं आणि ज्वालामुखी बनवतात.

दुकानदार म्हणाला, "नातवाचा प्रोजेक्ट का, काकू?"

"नाही, माझा."

त्याने एक बोर्ड जास्तीचा दाखवला. "चुकलं तर असू द्या."

"चुकणार नाही," म्हणाले, आणि घेतला.

१६ फेब्रुवारी

फोमबोर्ड मला आवडला. त्याला कापडासारखा स्वभाव आहे. एका बाजूचा कागद कापून मधला फोम अर्धा चिरला की तो कॉलरसारखा दुमडतो. आतल्या बाजूचा कागद सोलून काढला आणि टेबलाच्या कडेवरून हळूहळू ओढला तर वाक घेतो, बाहीच्या गोलाईसारखा. मी आधी जुन्या वर्तमानपत्रावर पॅटर्न काढला, पंख बेतला आणि मगच कटर हातात घेतला. माझं विमान म्हणजे नुसता एक मोठा पंख आहे, शेपूट नाही. मागच्या कडेला दोन झडपा. दोन्ही एकदम वर गेल्या की नाक वर, एक वर आणि एक खाली गेली की वळण. प्रत्येक झडपेला काडेपेटीएवढी एक मोटर, तिला सर्वो म्हणतात.

नाक हलकं होतं. पडद्यांच्या खालच्या पट्टीत घालतात ती शिशाची वजनं माझ्या डब्यात होती, ती बसवली. मग दोन बोटांवर पंख तोलला. हलला, डुलला आणि स्थिर राहिला. इतका आनंद झाला की खाली जाऊन कुणालातरी दाखवावंसं वाटलं. गेले नाही. कव्हरिंगवाल्या बाईने आधी उडवून दाखवावं.

टिल्लूच वर आला. पंखावरून बोटं फिरवली, सगळे जोड चाचपले. बराच वेळ चाचपत होता. "काम चोख आहे," म्हणाला. मग, "रंग कुठला देणार?"

"फिकट निळा."

"वेडी आहेस का? आकाशात आकाशाचा रंग! नारिंगी दे. भडक. आणि खालून काळे पट्टे, रुंद."

"माझं विमान, माझा रंग."

"अगं, दिसायला नको का?"

"मला दिसतं."

त्याने पंख सांभाळून टेबलावर ठेवला. खाली उतरताना शेवटच्या पायरीवर धडपडला आणि दिव्याला शिव्या घातल्या. दिवा चांगला लख्ख आहे. चूक मान्य करायची सवयच नाही त्याला.

१८ फेब्रुवारी

आज 'डावलणे' हा शब्द डोक्यातून जाईना. बाजूला सारायचं ते डावीकडेच का? उजवलणे असा शब्दच नाही.

मी डावखुरी जन्मले. कॉन्व्हेंटमध्ये पहिलीच्या सिस्टर माझ्याच वेणीची रिबीन सोडून त्याच रिबिनीने डावा हात बाकाला बांधायच्या, हळुवार, रक्त थांबणार नाही इतपत. त्यांच्या अंगाला साबणाचा आणि खडूचा वास यायचा. त्या दुष्ट नव्हत्या, मला त्या आवडायच्या. अक्षर छान आलं की कपाळावर ओठ टेकायच्या. मी त्या ओठांसाठी उजव्या हाताने लिहायला शिकले. तेव्हापासून कुणी डावीकडे म्हटलं की मला आधी थांबून आठवावं लागतं, रिबीन कुठल्या हाताला होती ते.

हे टिल्लूला माहीत आहे. त्याच शाळेच्या फाटकाशी तो माझी वाट बघत उभा असायचा.

२ मार्च, रविवार

परीक्षा. क्लबाचा नियम असा की अध्यक्षांसमोर तीन गोष्टी करून दाखवायच्या: हातातून नीट सोडणं, कड्यासमोर आठचा आकडा काढणं, आणि वर गवतात चार झेंडे लावलेत त्यांच्या आत उतरवणं. ते जमलं तर टेकडीवर उडवायची परवानगी, नाही तर नाही. चुकलेलं विमान फिरायला आलेल्या माणसांच्या डोक्यावर पडू शकतं, म्हणून नियम रास्तच आहे.

वारा समोरून छान येत होता. सोडलं. आणि ते उडालं! माझ्या हातचा कागद आणि फोम, त्या एवढ्या पोकळीवर उभा राहिला.

मग वळायची वेळ आली. वळायचं ते नेहमी दरीकडे, टेकडीकडे कधीच नाही. दरीकडे म्हणजे तेव्हा डावीकडे. मी थांबून रिबीन आठवली. तेवढ्यात उजव्या अंगठ्याने दांडी भलतीकडे ढकलली होती. विमान टेकडीत शिरलं, झुडपात, नाक आधी.

आणि टिल्लू, सगळ्यांसमोर, मला विचारतो, "पडलं का?"

पडलं का! दहा पावलांवर झुडूप. इतका खवचटपणा मी त्याच्यात कधी पाहिला नव्हता. क्लबात एक दंतवैद्य आहेत, भला माणूस, ते घाईघाईने म्हणाले, "हो सर, उजवीकडच्या झुडपात. नाकच गेलंय फक्त." मी विमान उचललं आणि कुणासाठी न थांबता चालत घरी आले.

५ मार्च

नाक नवीन केलं. गरम गोंद लावून दाबून धरलं होतं आणि एकदम माझ्याच हाताकडे लक्ष गेलं. डावा. कटर धरला होता तोही डाव्यातच. लिहायला उजवा, पण कापायला आणि शिवायला कायम डावा. शिवणाच्या तासाला दुसऱ्या सिस्टर होत्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या, नेहमी हसऱ्या. त्या म्हणायच्या, सुई ज्या हाताला सुचेल त्या हातात धर, देवाला टाके तेवढे दिसतात.

उडवणं हे लिहिण्यासारखं आहे की शिवण्यासारखं?

रिमोटची पुस्तिका काढली. सगळे लोक वळवायची दांडी उजव्या अंगठ्याखाली ठेवतात, पण मेनूत जाऊन ती डावीकडे घेता येते. घेतली. विमान टेबलावर ठेवून झडपा हलवून बघितल्या. डावा अंगठा हलायचा आणि झडप हलायची, मधे कुणी नाही. रिबीन आठवावी लागली नाही. हात विचारतच नव्हता.

एकटीच खोलीत मोठ्याने हसले. डाव्या हातचा मळ म्हणतात तो हाच.

८ मार्च

भांडण झालं. चांगलं खणखणीत.

टिल्लू म्हणाला, "उलटा रिमोट क्लबात चालणार नाही."

"उजव्या हातानेच उडवावं असं नियमात लिहिलंय कुठे? दाखव."

"लिहायची गरज काय? सगळे तसंच उडवतात. ताई, ऐक, तू गडबडलीस तर कुणीतरी रिमोट हातात घेऊन विमान वाचवायला पाहिजे. डाव्या रिमोटवर ते कुणाला जमणार? तुझं विमान वाचवायला कुणी नसेल."

"मला वाचवायला कुणी नको आहे."

"आणि मी उडवताना?" तो एकदम म्हणाला.

"तू उडवताना काय?"

"काही नाही."

"बोल ना. तू उडवताना तुझ्या बाजूला उभी राहून कौतुक कोण करणार, हेच ना? लहानपणी पतंग मी बनवायचे आणि उडवायचास तू. मी चक्री धरून उभी. अजून किती वर्षं चक्री धरू?"

त्याचा चेहरा पडला. भावजयीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाईट वाटलं, पण माघार घेतली नाही. येत्या तेविसाव्या तारखेला मी पुन्हा परीक्षा देणार, याच रिमोटवर. परवानगी नाकारायची असेल तर लेखी नाकारा म्हणाले.

१० मार्च

भावजय वर आली होती. बराच वेळ माझे दोरे रंगांप्रमाणे लावत बसली. मग म्हणाली, "वन्सं, तुम्ही उडवा. खरंच उडवा. पण यांच्या शेजारी उभं राहायचं सोडू नका हो. तुम्ही नसलात की यांचं काही खरं नाही."

"अगं, त्याला कौतुकाची सवय लागलीय."

"कौतुक नाही..." म्हणाली आणि थांबली. "त्यांनी शपथ घातलीय," म्हणाली, आणि दोऱ्यांचा डबा बंद करून खाली गेली.

शपथ कसली? माझ्यासमोर त्याची बाजू घेणार नाही म्हणून असेल.

एक मात्र आहे. भावजय या वयात गाडी चालवायला शिकतेय. कालपासून टेकडीवर तीच गाडी नेते, टिल्लू बाजूला बसतो. मला फार बरं वाटलं. माझ्या बंडाची लागण घरात झालेली दिसते.

१६ मार्च, रविवार

परवानगी नाही म्हणून टेकडीच्या मागच्या लहान उतारावर सराव केला. एकटीने. खाली नुसतं गवत, विमान पडलं तरी गवताचंच नुकसान. वारा उतारावर आपटून वर कसा वळतो ते आता गालाला कळतं. वारा मंदावला की गालावरचा केस खाली बसतो, मग विमान कड्याजवळ आणायचं. डावा अंगठा शहाणा आहे. पन्नास-पंचावन्न वर्षं गप्प बसला होता, आता बोलायला लागला तर थांबत नाही.

क्लबाच्या बाजूला टिल्लूचं विमान दिसेना. एरवी या वाऱ्यात तो पहिला. येताना दंतवैद्य भेटले. म्हणाले, "सर आज उडवणार नाहीत म्हणाले. ताई नाहीत म्हणाले."

रुसलाय. रुसू दे.

२३ मार्च, रविवार

हे नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

वारा ताठ होता. सगळे कड्यावर जमले होते. टिल्लू मधे, छातीवर हात बांधून, काळा चष्मा लावून. मी विमान सोडलं. एकदा दरीकडे वळवलं, कड्यासमोरून नेलं, पुन्हा दरीकडे वळवलं, आणि आठचा आकडा असा निघाला की पॅटर्नवर खडूने आखावा. दंतवैद्यांनी शिट्टी मारली. माझ्या विमानाच्या वर एक घार आली, पंख न हलवता, माझ्याच वाऱ्यात. दोघी थोडा वेळ बरोबर होतो.

मग मी उतरवायला वळले. विमान माझ्याकडे तोंड करून येत होतं, जिथे डावं-उजवं उलटं होतं, जिथे सगळे चुकतात. मी चुकले नाही. चार झेंड्यांच्या मधे, गवतावर, पोटावर घसरत आलं आणि थांबलं.

मी टिल्लूकडे पाहिलं. तो वर बघत होता. आकाशात. घारीकडे. मान हळूहळू घारीबरोबर वळत होती आणि तोंडभर हसत होता.

"वा, ताई!" तो म्हणाला. "काय स्थिर ठेवलंयस! एवढ्या उंचीवर! पास. पास म्हणजे काय, अव्वल. आता उतरव."

विमान माझ्या पायाशी होतं.

कुणी हसलं नाही. दंतवैद्य बुटाने गवत उकरत होते. भावजय ओठ आवळून उभी होती. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी मरमर करून मी आयुष्यातला पहिला आठ काढला, आणि याने तो बघितलासुद्धा नाही! घार बघत बसला! आणि वर दान टाकावं तसं 'पास'!

"मला नको तुझा पास," मी म्हणाले. "तू पाहिलंच नाहीस. ते विमान नाही, घार आहे."

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. मग हळूच म्हणाला, "असं होय."

"परीक्षा परत घे. पुढच्या रविवारी. आणि नीट बघ."

"ताई, मी अध्यक्ष म्हणून सांगतो, तू पास आहेस. सगळ्यांनी पाहिलंय."

"सगळ्यांनी पाहून काय करू? मला तू बघायला हवा आहेस."

वाऱ्याने असेल, पण चष्म्याखालून त्याच्या गालावर पाणी आलं होतं. माझ्याही आलं. कड्यावर वारा वाईट असतो.

२६ मार्च

विमानाला रंग दिला. नारिंगी, खालून रुंद काळे पट्टे. त्याने मागितला म्हणून नव्हे. घारीलाच विमान समजलो असं म्हणायला आता जागा ठेवायची नाही.

दाखवायला खाली नेलं. टिल्लूने ते खिडकीपाशी नेलं, मग नाकाशी धरलं, मान थोडी तिरकी करून डोळ्याच्या कडेतून पाहिलं, पक्षी बघतो तसं. "दिसतंय," म्हणाला. एवढंच. पण असा काही म्हणाला की भावजय उठून आत गेली.

३० मार्च, रविवार

फेरपरीक्षा.

या वेळी मी अट घातली. अध्यक्षांनी लांब उभं राहून छातीवर हात बांधायचे नाहीत. माझ्या शेजारी उभं राहायचं, आणि मी काय करतेय ते मोठ्याने म्हणायचं. म्हणजे लक्ष दुसरीकडे गेलं की मला कळेल.

"ते मला जमणार नाही," तो म्हणाला.

"का नाही? मी इतकी वर्षं करत आले."

त्याने चष्मा सारखा केला. मग म्हणाला, "बरं. पण तू आधी म्हण. तुझ्यामागून मी म्हणतो."

मला ते पटलं. परीक्षार्थीने सांगायचं आणि परीक्षकाने तपासायचं, यात गैर काही नाही. त्याने माझ्या कोपराला हात लावला, गर्दीत लहानपणी लावायचा तसा, आणि मी विमान सोडलं.

"सोडलं," मी म्हणाले.

"सोडलं," तो म्हणाला.

"दरीकडे वळवते."

"दरीकडे वळलं."

"कड्यासमोरून, आपल्या उजवीकडे."

"उजवीकडे. ताई, उजवीकडे बरोबर म्हणालीस!"

"मधे बोलू नकोस. पुन्हा दरीकडे. पंख सरळ. खूप उंच आहे, टिल्लू, आपल्याही वर."

"आपल्याही वर," तो म्हणाला, आणि त्याने चष्मा काढून खिशात ठेवला आणि चेहरा वर केला, जिथे मी म्हणाले तिथेच. एकदाही चुकला नाही. मी उतरवलं, झेंड्यांच्या आत, आणि म्हणाले, "थांबलं." तो म्हणाला, "थांबलं," आणि कोपर सोडलं नाही.

मग सगळ्यांकडे वळून अध्यक्षांच्या आवाजात म्हणाला, "पास." या वेळी मी घेतला.

परतताना गाडीत तो म्हणाला, "यापुढे आपण दोघांनी एकदम उडवायचं नाही. तू उडवशील तेव्हा मी गप्प उभा राहीन. मी उडवेन तेव्हा तू बोलायचं, आधीसारखं. एक शब्दही सोडायचा नाही."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर गप्प उभं राहायला तयार झाला. एवढ्यासाठी तीन परीक्षा द्याव्या लागल्या. भावजय आरशातून माझ्याकडे बघत होती, माझं उत्तर ऐकायला तिने गाडी अगदी सावकाश केली होती.

"चालेल," मी म्हणाले. "पण आधी माझी पाळी."